पाहुण्यांचं पाणी

जगात एकही गोष्ट सुरळीत पार पडणार नाही यावर आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांची जेवढी श्रद्धा होती, तेवढी मी कुठल्या भक्ताची देवावरही पाहिलेली नाही. बस वेळेवर येणार नाही, आली तर जागा मिळणार नाही, जागा मिळाली तर टायर फुटेल, आणि यातलं काहीच झालं नाही तर आपण चुकीच्या बसमध्ये बसलेलो असू, असं त्यांचं एकंदर गणित. त्यांच्या टेबलासमोर भिंतीवर एक घड्याळ होतं. ते बरोबर चालायचं, आणि म्हणूनच सर त्याच्याकडे संशयाने बघायचे. "आज बरोबर आहे," ते म्हणायचे, "मंजे उद्या बंद पडते." घड्याळ काही बंद पडलं नाही. पण रोज सकाळी आल्याबरोबर सर आधी त्याच्याकडे बघायचे आणि ते चालू दिसलं की त्यांचा चेहरा उतरायचा.

मी त्यांच्या हाती सापडले ती एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात. आम्हाला एखाद्या प्रयोगशाळेत काही महिने काम करावं लागे, त्याशिवाय पदवी हाती पडत नसे. माझ्या मैत्रिणी पुण्या-नागपूरच्या औषध कंपन्यांत गेल्या आणि काचेच्या भिंतींपुढे उभं राहून फोटो पाठवायला लागल्या. मी चामोर्शीची. पोरीने फार लांब जाऊ नये म्हणून मला चंद्रपूरला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत घातलं. निघायच्या दिवशी आईने बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, मला खीर खाऊ घातली आणि साऱ्या वस्तीत सांगून आली की पोरगी आता सायंटिस्ट झाली. मीही नवा पांढरा कोट शिवून घेतला होता, खिशावर माझं नाव भरतकामात. तो घालून मी दारात उभी राहिले, तर आतून एक उंच, वाळका, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काऊन आली बाई?" मी म्हटलं, "शिकायला, सर." तर म्हणाले, "इथी काई शिकायले भेटत नाई. मी इतके वर्षं झाले इथीच आहो, मलेच काई आलं नाई. अन् थो कोट काढून ठेव. इथी कोनाले इंजेक्शन नाई द्यायचं." मग त्यांनी मला बाटल्या घासायचा ब्रश दिला. माझ्या वैज्ञानिक कारकिर्दीची सुरुवात ही अशी झाली.

प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक पंखा आणि दारात कडुनिंब. गावोगावच्या विहिरींचं आणि हापशांचं पाणी बाटल्यांतून तिथे यायचं, आणि ते प्यायच्या लायकीचं आहे की नाही ते आम्ही सांगायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. पण सरांचा पहिला सिद्धांत असा होता की तपासण्याआधीच सगळं बिघडलेलं असतं. चंद्रपूरच्या हवेत कोळशाची धूळ, त्यामुळे धुतलेलं भांडं वाळेपर्यंत पुन्हा मळतं असं त्यांचं म्हणणं, आणि दुर्दैवाने ते खोटंही नव्हतं. मी भांडी घासायची, ती उन्हात ठेवायची, सर येऊन त्यातलं एक उजेडात धरायचे, गोल फिरवायचे आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवायचे. सुरुवातीचे कित्येक दिवस मी दुसरं काही केलंच नाही. घरी फोन केला की आई विचारायची, "आज कोनता शोध लावला?" मी म्हणायचे, सुरू आहे. माझ्या आजीनेही आयुष्यात एवढी भांडी घासली नसतील, आणि तिला त्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागली नव्हती.

पुढे मला प्रत्यक्ष तपासणी करायला मिळाली तेव्हा आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. पाण्यातलं फ्लोराइड मोजायचं एक लाल द्रावण असतं. पाण्यात फ्लोराइड जितकं जास्त, तितका त्याचा लाल रंग उतरतो, आणि तो किती उतरला ते यंत्र सांगतं. हे यंत्र म्हणजे सरांच्या घरचं आजारी माणूस होतं. धूळ बसू नये म्हणून त्यांनी त्याला आपल्या बायकोची जुनी जांभळी साडी गुंडाळून ठेवली होती. सकाळी साडी बाजूला करून ते यंत्राला हात लावून बघायचे, ताप आहे का बघावं तसं. "रात्री लाइट गेली होती," ते काळजीने सांगायचे, "आज काई खरं नाई याचं." मग मी आकडा वाचून दाखवायचा. आकडा वाईट आला तर सर म्हणायचे, "काईतरी चुकलं." आकडा चांगला आला तर म्हणायचे, "मंग तं नक्कीच चुकलं. परत कर." परत केलं आणि तोच आला, तर ते चष्मा खाली ओढून माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "दोनदा एकसारखी चूक कशी काय केली तू?" शेवटी कुठेतरी सही करावीच लागायची, कारण वरून फोन यायचे. तेव्हा सर अशी सही करायचे की जणू कोणाच्या तरी अपघाताचा पंचनामा आहे.

हा अविश्वास पाण्यापुरता असता तर मी निभावून नेलं असतं. पण कोणी लग्नाची पत्रिका द्यायला आलं की सर ती वाचून पहिल्यांदा म्हणायचे, "त्या दिवशी पानी येते." मे महिन्यातलं लग्न असलं तरी. कोणाच्या मुलाला नोकरी लागली की विचारायचे, "कंपनी बंद पडाची होती ना ते?" मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या दिवसांत झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की सर आवर्जून जायचे, पण दुसऱ्या अंकातच शेजाऱ्याला सांगायचे, "मरते ते शेवटी." लोक त्यांच्या शेजारी बसायला घाबरायचे. आणि गंमत म्हणजे ती नायिका खरोखर मेली की सगळ्यांत जास्त सरच रडायचे, असं त्यांच्याच बायकोने मला सांगितलं. माझ्या भवितव्याबद्दल त्यांनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला होता. "एमएस्सी करून तू काय करशीन? नोकरी भेटत नाई. भेटली तर टिकत नाई. टिकली तर तुले आवडत नाई." मी एकदा चिडून म्हटलं, "सर, मंग मी जगू कायले?" तर त्यांनी शांतपणे विचार केला आणि म्हणाले, "तेच तं मी तीस-चाळीस वर्षांपासून विचारून राह्यलो स्वतःले."

मार्च उजाडेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले होते. उन्हाने पत्रे तापायचे, हातांची कातडी ब्रशने सोलली होती आणि माझा प्रकल्प कागदावर एक ओळही पुढे सरकला नव्हता, कारण सरांनी खात्रीचा म्हणावा असा एकही आकडा मला दिला नव्हता. एके दुपारी मी नळापाशी बसून सरळ रडले. सर आले, माझ्याकडे बघून उभे राहिले आणि आत निघून गेले. मला वाटलं, आता म्हणतील, रडून काई होत नाई. पण ते आपला डबा घेऊन बाहेर आले. झाकण उघडून वास घेतला, सवयीप्रमाणे म्हणाले, "नासलं असन," आणि अर्धा भात, अंबाडीची भाजी आणि तळलेली सुकट माझ्या पुढ्यात सारली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पिशवीत दोन डबे यायला लागले. दोन्ही उघडताना त्यांचं तेच वाक्य असे, आणि जेवण कधीही नासलेलं नसे. या माणसावर धड रागही धरता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्याच सुमारास ताराबाई आल्या. पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलात त्यांचं गाव. गावातलं पाणी भरून प्रयोगशाळेत पाठवायचं काम गावाने त्यांच्यावर सोपवलं होतं. एरवी त्या बाटली बसवाल्याच्या हाती द्यायच्या, पण या वेळी स्वतः आल्या होत्या, सोबत दोन नाती. मोठी दहा-बारा वर्षांची, आणि धाकटी नुकती पाय टाकायला शिकलेली, कडेवर. साडी नेसलेलं यंत्र बघून मोठीला हसू फुटलं. हसू फुटल्याबरोबर तिचा हात झटकन तोंडावर गेला. तो इतक्या सवयीने गेला की माझं लक्ष वेधलं. सरांचंही गेलं असावं. ते तिच्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "दाखव बरं बाई." तिने मान हलवली. ताराबाईंनी तिचा हात खाली ओढला. दातांवर आडवे तपकिरी पट्टे होते, समोरच्या दोन दातांना तर खड्डे पडले होते.

"शाळेत हसते नाई ते," ताराबाई म्हणाल्या. "आमच्या गावच्या समद्या लेकराईचे असेच आहेत जी. मोठीचे तं गेले. पन या लहानीचे पक्के दात अजून याचे आहेत. म्हनून मी मुद्दाम आली भाऊ. पानी चांगलं आहे का वाईट आहे, ते सांगा. वाईट असन तं नळ देते म्हनतेत सरकार." आणि त्यांनी पदराखालून बाटली काढून दोन्ही हातांनी सरांपुढे धरली.

तोंडात दुधाचे दात असतानाच आत हिरडीत कायमचे दात तयार होत असतात, त्या वर्षांत पाण्यात फ्लोराइड जास्त असलं तर दात असे होतात, आणि एकदा झाले की पुन्हा नीट होत नाहीत. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात त्या दातांचा फोटो होता, पण तोंडावर हात धरलेली मुलगी नव्हती. मी बाटली घेतली, द्रावण टाकलं आणि वाट बघत बसले. लाल रंग जिथल्या तिथे. यंत्राने सांगितलं, पाणी उत्तम. एवढं चांगलं पाणी त्या महिन्यात आमच्याकडे दुसऱ्या कुठूनच आलं नव्हतं.

सरांनी परत करायला लावलं. मी परत केलं. द्रावण जुनं असेल म्हणून नवं केलं. भांडी पुन्हा घासली, यंत्राची साडी धुऊन वाळवली, माझे हात साबणाने धुऊन घेतले, मग सरांनी स्वतःचे धुतले. दिवसभर हेच. पाणी उत्तम ते उत्तमच. मागच्या सालचा त्या गावाचा निकाल सरांनी काढून बघितला, तोही चांगला, त्याच्या आदल्या सालचाही. खाली सरांचीच सही. कोणताही सुखी माणूस म्हणाला असता की चला, पाणी चांगलं आहे. सर खुर्चीत बसून राहिले. मग म्हणाले, "मशीन खोटं बोलू शकते. तू खोटं बोलू शकते. मी तं रोजच चुकतो. पन त्या पोरीचे दात कायले खोटं बोलतीन?" आणि नमुना घ्यायला जन्मात कधी बाहेर न पडलेला हा माणूस म्हणाला, "उद्या जाऊ तिथी."

प्रवासाच्या तयारीवर मी वेगळा लेख लिहू शकेन. सरांच्या पिशवीत छत्री, टॉर्च, मीठ-साखर, दोरी, जास्तीचे कपडे आणि एक दिवस जास्त पुरेल एवढं जेवण होतं, परत येणं झालं नाही तर म्हणून. बस वेळेवर आली. सर थोडे दुखावले. खिडकीची जागा मिळाली. तेव्हा तर ते अस्वस्थच झाले आणि वाटेतल्या जंगलाकडे बघून म्हणाले, "वाघ दिसला तं डायवर बस थांबवते. अन् ही बस थांबली तं सुरू होत नाई." वाघ दिसला नाही. आम्ही सुखरूप उतरलो. सर मागे वळून बसकडे असे बघत होते की जणू तिने काहीतरी लपवलं आहे.

मोहफुलांचे दिवस होते. ताराबाईंच्या अंगणात फुलं वाळत पडली होती आणि सगळीकडे तो गोड, जड वास भरून होता. आम्हाला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला लाज वाटली, कारण आम्ही काही चांगली बातमी घेऊन गेलो नव्हतो. खाट टाकली, त्यावर गोधडी टाकली आणि मोठीला हाक मारून "येर" आणायला सांगितलं. गोंडीत पाण्याला येर म्हणतात, एवढं मलाही ठाऊक होतं. पोरीने आतून घासून चकचकीत केलेला पितळेचा लोटा आणला. इतकी वर्षं दोन जिल्ह्यांचं पाणी तपासल्यामुळे सर बाहेर कुठेही पाणी पीत नसत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, सर तर फुंकूनही पीत नसत. पण ताराबाई समोर उभ्या होत्या. सरांनी लोटा वर धरून एक घोट घेतला, आणि मग थांबून दुसरा घेतला. त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"हे पानी कुठचं जी?" त्यांनी विचारलं.

"नाल्यातल्या झिऱ्याचं," ताराबाई कौतुकाने म्हणाल्या. नाल्याच्या रेतीत खड्डा केला की त्यात पाणी पाझरत येतं, तो झिरा. लांब आहे, हळूहळू भरतो, एक गुंड, म्हणजे हंडा, भरायला अर्धी सकाळ जाते. "पावन्यासाठी ठेवतो जी. आमी हापशीचंच पितो. हापशी इथी दारातच आहे."

"अन् बाटलीत कोनतं भरलं होतं तुमी?"

"हेच," ताराबाई म्हणाल्या. सरांचा चेहरा बघून त्या जरा गोंधळल्या आणि घाईने पुढे बोलल्या, "नव्या फडक्यानं गाळलं होतं भाऊ. दर सालीच गाळून पाठवतो. आता शहरात साहेबाकडे पाठवाचं पानी, ते हापशीचं वासाचं कसं पाठवू? घरी पावना आला तं आपन त्याले वाईट पानी देतो का? गावाची इज्जत आहे ना जी."

मला आधी हसू आलं, अगदी खरं सांगते. भांडी, धूळ, वीज, यंत्र, माझे हात, या सगळ्यांवर सरांनी वर्षानुवर्षं संशय घेतला होता आणि बाटली भरणारी बाई आपल्याला चांगलंच पाणी पाठवील हा संशय काही त्यांना आला नव्हता. पण मोठी नात शेजारीच उभी होती, तिनेही हसून तोंडावर हात धरला होता, आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. सर लोटा हातात धरून बसले होते. तो त्यांनी खाली ठेवला नाही. त्यातलं पाणी त्यांनी सगळं प्यायलं, आणि मग म्हणाले, "चला, हापशीचं भरू."

हापशीवर ताराबाई अगदी कानकोंड्या होऊन उभ्या होत्या. "नका भरू जी तेवढं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "निदान गाळून तं घेऊ द्या." मी दांडा मारत होते, सर बाटली धरून बसले होते. तेवढ्यात धाकटी डुलत डुलत आली, बूड टेकून हापशीच्या तोंडाखाली बसली आणि पडणारं पाणी दोन्ही हातांनी तोंडात घालायला लागली. तिला समोरचे चार दुधाचे दात होते, पांढरेशुभ्र. सरांनी हात पुढे करून पाण्याची धार अडवली. ती त्यांच्याकडे बघून खदखदून हसली, तिला तो खेळ वाटला.

चंद्रपूरला येऊन मी त्या बाटलीतलं पाणी लाल द्रावणात टाकलं, आणि रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेला. मी आकडा वाचला. सरांनी परत करायला लावलं नाही. मला आठवतं, मी ब्रश हातात घेऊन तयार उभी होते, ते म्हणतील म्हणून. ते म्हणालेच नाहीत.

निकाल वर गेला आणि वरून उत्तर आलं की या गावाचं पाणी आजवर दर वेळी चांगलं निघालेलं असल्याने हा एकच निकाल शंकास्पद वाटतो, तरी पावसाळ्यानंतर पुन्हा नमुना घ्यावा. ज्या गावांना आधी नळ द्यायचे ती गावं तोवर ठरूनही गेली होती. सरांनी फोन केले, स्वतः जाऊन बसले, बाटलीची आणि झिऱ्याची हकीकत सांगितली. तिथल्या लोकांना ती फार आवडली. एकाने चहा मागवला आणि दुसऱ्या टेबलावरच्याला बोलावून सरांना ती पुन्हा सांगायला लावली. एवढं मात्र झालं की हे पाणी पिऊ नये अशी खूण म्हणून हापशीला लाल रंग मारला गेला.

तेंदूपानांच्या दिवसांत आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. सर म्हणाले, काय झालं ते ताराबाईंना तोंडाने सांगायला पाहिजे. ऊन असं होतं की झाडांखालीही भाजत होतं. झिरा आटला होता, नुसती तडकलेली रेती. गावातल्या बाया त्याच लाल हापशीवर पाणी भरत होत्या. "रंग दिसते जी आमाले," ताराबाई म्हणाल्या, "आंधळे नाई आमी. पन दुसरं पानी कुठी आहे?" सरांनी सगळं सांगितलं. ताराबाईंनी ऐकून घेतलं. बाटलीचं बोलणं निघालं तेव्हा त्यांनी डोळ्याला पदर लावला. "मीच केलं मंग हे," असं काहीतरी म्हणाल्या. "तुमी काई नाई केलं," सर एकदम ओरडलेच. "चांगलं पानी पाठवलं तुमी. त्यात काई चूक नाई तुमची. मी सही करत होतो." धाकटी सरांच्या मांडीला धरून उभी होती. मग ताराबाईंनी विचारलं, "भाऊ, हिचे पक्के दात याच्या आधी नळ येईन का?"

सरांचं उत्तर मला पाठ होतं. दोन जिल्ह्यांत ज्याला ज्याला ते ओळखत होते, त्या सगळ्यांना ते पाठ होतं. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "येईन. येईन ना जी. काऊन नाई येनार?"

त्यांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता आणि तो ऐकून मला धीर यायला हवा होता, पण आला नाही. परतीच्या बसमध्ये राहवेना म्हणून मी विचारलं, "सर, खरंच येईन का?" ते खिडकीबाहेर बघत होते. "तुले काय वाटते," ते म्हणाले, "मी तिथी काय बोलाचं होतं?"

माझे महिने संपले. माझा प्रकल्प त्या एका गावावर झाला, गुण बरे पडले, पदवी मिळाली. शेवटच्या दिवशी सरांनी मला "नोकरी भेटत नाई तुले" असा आशीर्वाद दिला आणि मला नोकरी मिळाली तेव्हा घरी जाऊन सगळ्यांना पेढे वाटले, असं त्यांच्या बायकोने फोनवर सांगितलं. आता मी नागपूरला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. इथे यंत्रं नवी आहेत, थंड खोलीत असतात आणि ती जे सांगतात ते सगळे मान्य करतात. मी मात्र प्रत्येक चाचणी पुन्हा करते, आणि माझ्या हाताखालच्या मुली माझ्या पाठीमागे मला काय म्हणत असतील याची मला पूर्ण कल्पना आहे.

मधल्या पाच-सहा वर्षांत सर निवृत्त झाले. निवृत्त माणूस देवाला जातो, सर त्या गावाला जातात. झिऱ्याला पाणी असेतो धाकटीला तेच द्यायचं असं त्यांनी ताराबाईंकडून कबूल करून घेतलंय, आणि ते पाळलं जातं की नाही बघायला पोंभुर्ण्याची बस पकडतात. उन्हाळ्यात मात्र कोणाचंच काही चालत नाही. त्यानंतरच्या सगळ्या नमुन्यांचे निकाल वाईट आले, आता वर कोणाला शंका राहिलेली नाही. नळ मंजूर झाला. मग पाइप आले. ते रस्त्याच्या कडेला पडून आहेत आणि त्यांच्यावर वेल चढले आहेत. मी फोन केला की सर सांगतात, "आता येतेच ते. साहेब बदलला ना, नवा चांगला आहे." पुढच्या फोनला सांगतात, "पावसाळा झाला का सुरू करते म्हनते." त्यांच्या निराशेत मी अख्खा उन्हाळा काढला, तिची मला कधी भीती वाटली नाही. हे ऐकलं की वाटते. मला वाटतं की कोणीतरी त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतली आहे आणि ते आपले तिथेच उभे आहेत, आणि मी इथून काहीच करू शकत नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. आवाज खूश होता.

"लहानीचा पयला दात पडला," ते म्हणाले. "समोरचा. ताराबाईनं कौलावर फेकून देल्ला. पोट्टी मले फटीतून शिट्टी वाजवून दाखवते."

"मंग नवा आला का, सर?"

"येऊन राह्यला. जरासा वरती निंगाला आहे. तांदळाच्या कनीएवढा."

तो कोणत्या रंगाचा आहे हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"इथी ऊन लय आहे," शेवटी सर म्हणाले. "तुयाकडे?"

"इथीबी आहे, सर," मी म्हटलं.